प्लेस्टेशन १ वरचा ‘टोनी हॉक्स प्रो स्केटर ३’ : नवख्यांसाठी पहिल्या ऑलीपासून लांब कॉम्बोपर्यंत

जुलै २०२५ मध्ये ‘टोनी हॉक्स प्रो स्केटर ३ + ४’ ही नव्याने घडवलेली आवृत्ती बाजारात आली आणि आजच्या कन्सोलवर हा खेळ प्रथमच हाती घेतलेल्या अनेकांना मूळ खेळ पाहण्याची इच्छा झाली. स्केटबोर्डिंगच्या या व्हिडिओ गेम मालिकेचा मूळ तिसरा भाग नेव्हरसॉफ्ट या स्टुडिओने २००१ च्या ऑक्टोबरमध्ये प्लेस्टेशन २ साठी आणला. समीक्षकांचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर त्याला १०० पैकी ९७ गुण आहेत आणि त्या कन्सोलच्या सर्वोत्तम खेळांत त्याची गणना होते. त्याच सुमारास जुन्या प्लेस्टेशनसाठी, म्हणजे आज आपण ज्याला प्लेस्टेशन १ म्हणतो त्यासाठी, शाबा गेम्स या स्टुडिओने याच खेळाची एक आटोपशीर आवृत्ती तयार केली. या लेखाचा विषय ती आवृत्ती आहे.

मोठ्या भावंडाच्या प्रसिद्धीमुळे ही आवृत्ती झाकली गेली, आणि माझ्या मते हा तिच्यावर अन्याय झाला. शाबा गेम्सने याआधी २००० साली प्लेस्टेशन १ साठीच ‘ग्राइंड सेशन’ हा स्केटबोर्डिंगचा खेळ केला होता, त्यामुळे त्या यंत्राच्या मर्यादा आणि या खेळप्रकाराची नस, दोन्ही गोष्टी त्यांना ठाऊक होत्या. प्लेस्टेशन १ ची मुख्य मेमरी २ मेगाबाइट आणि प्लेस्टेशन २ ची ३२ मेगाबाइट, म्हणजे सोळापट फरक. एवढ्या अंतरावरून खेळ जसाच्या तसा उतरवणे अशक्यच होते. म्हणून लेव्हल लहान झाल्या, चित्रे खडबडीत झाली आणि इंटरनेटवरून एकमेकांशी खेळण्याची सोय गळली. मात्र तिसऱ्या भागाने या मालिकेला दिलेली सर्वांत महत्त्वाची देणगी, म्हणजे रिव्हर्ट (रॅम्पवरून उतरतानाही ट्रिकांची साखळी चालू ठेवणारी हालचाल), या छोट्या आवृत्तीत आहे, आणि ती असल्यामुळेच ही आवृत्ती शिकण्यासारखी आहे. ऑली (उडी), ग्राइंड (कडेवरून घसरणे), मॅन्युअल (दोनच चाकांवर तोल सावरत जाणे) आणि रिव्हर्ट या चार गोष्टी याच क्रमाने हाताला बसल्या की मालिकेतला कोणताही खेळ तुम्हाला परका वाटणार नाही.

खेळ सुरू करण्यापूर्वी : यंत्र, डिस्क आणि टीव्ही

प्लेस्टेशन १ च्या डिस्क तीन यंत्रांवर चालतात : स्वतः प्लेस्टेशन १, प्लेस्टेशन २ आणि प्लेस्टेशन ३. आपल्याकडे यातले प्लेस्टेशन २ घरोघरी माळ्यावर किंवा कपाटात सापडण्याची शक्यता सर्वाधिक आहे, आणि नवख्यासाठी तेच सर्वांत सोयीचे आहे. जुने यंत्र विकत घेणार असाल तर एक गोष्ट अवश्य तपासावी. प्लेस्टेशन २ सीडी आणि डीव्हीडी वाचण्यासाठी वेगवेगळ्या लेसरचा वापर करते, त्यामुळे प्लेस्टेशन २ चे खेळ सुरळीत चालणाऱ्या यंत्रातही प्लेस्टेशन १ ची सीडी चालेलच असे नाही. दुकानदाराने डीव्हीडीवरचा खेळ लावून दाखवला म्हणून समाधान मानू नये. प्लेस्टेशन १ ची डिस्क सोबत न्यावी आणि ती स्वतः लावून पाहावी. मूळ डिस्कची खालची बाजू काळी असते, यावरून ती ओळखता येते.

दुसरा मुद्दा प्रदेशाचा. डिस्कवर ‘एनटीएससी यू/सी’ असे छापले असेल तर ती अमेरिकी आहे, ‘पाल’ असे असेल तर युरोपीय. यंत्र आणि डिस्क एकाच प्रदेशाचे असावे लागतात, अन्यथा यंत्र डिस्क स्वीकारत नाही. आपल्याकडे जुनी कन्सोल कुठून कुठून आलेली असतात : कोणाच्या नातेवाइकांनी अमेरिकेहून आणलेली, कोणी दुबईहून, कोणी शहरातल्या दुकानातून घेतलेली. म्हणून यंत्र उलटे करून त्याच्या तळाची पट्टी वाचावी. तिच्यावर व्होल्टेजही लिहिलेले असते आणि ते वाचणे प्रदेश वाचण्याहून अधिक महत्त्वाचे आहे, कारण अमेरिकी यंत्र १२० व्होल्टवर आणि जपानी यंत्र १०० व्होल्टवर चालण्यासाठी बनवलेले असते, तर आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची असते. असे यंत्र थेट भिंतीतल्या सॉकेटला जोडले तर त्याचा वीजपुरवठा जळतो. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आधी आणावा, मगच प्लग लावावा.

पाल आणि एनटीएससी यांपैकी निवड करण्याची संधी असेल तर एनटीएससी यंत्र आणि डिस्क घ्यावी, असे मी सुचवेन. पाल यंत्रणा सेकंदाला ५० वेळा आणि एनटीएससी ६० वेळा चित्र ताजे करते, आणि ज्या खेळात क्षणाच्या अंशाला किंमत आहे तिथे हा फरक हाताला जाणवतो. मात्र जुना टीव्ही केवळ पाल रंगप्रणाली ओळखणारा असेल तर एनटीएससी यंत्राचे चित्र त्यावर कृष्णधवल दिसू शकते, हे ध्यानात ठेवावे.

टीव्हीबाबत सल्ला थोडक्यात देता येतो. घरात जुना, काचेच्या नळीचा टीव्ही चालू अवस्थेत असेल तर तोच वापरावा. बटण दाबणे आणि पडद्यावर परिणाम दिसणे यांत त्यावर विलंब जवळजवळ नसतो. सपाट टीव्हीवर खेळायचे असल्यास पिवळ्या, पांढऱ्या आणि लाल पिनांची नेहमीची केबल जोडावी आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ सुरू करावा. प्लेस्टेशन २ ला कंपोनंट केबल लावल्यास चित्र अधिक स्वच्छ येते हे खरे, परंतु प्लेस्टेशन १ च्या खेळांचा कमी रेझोल्यूशनचा सिग्नल अनेक नवे टीव्ही कंपोनंटवरून स्वीकारत नाहीत आणि पडदा काळाच राहतो. तसे झाले तर यंत्र बिघडले असे समजू नये. साधी केबल लावून पाहावी.

सेव्ह करण्याची व्यवस्था

येथे बरेच जण अडखळतात. प्लेस्टेशन १ चा खेळ प्लेस्टेशन २ वर खेळत असलात तरी त्याची प्रगती प्लेस्टेशन २ च्या ८ मेगाबाइटच्या मेमरी कार्डावर थेट साठवता येत नाही. त्यासाठी प्लेस्टेशन १ चे, १५ ब्लॉकचे मेमरी कार्ड लागते आणि ते प्लेस्टेशन २ च्या खाचेत नीट बसते. कार्ड नसेल तर ‘करिअर’ या उद्दिष्टे पुरी करत पुढे जाण्याच्या प्रकारात केलेली सगळी प्रगती यंत्र बंद करताच नाहीशी होईल, म्हणून डिस्कच्या सोबतच कार्डाची व्यवस्था करावी. प्लेस्टेशन ३ वर मात्र खरे कार्ड लागत नाही. ‘गेम’ विभागातल्या मेमरी कार्डाच्या सोयीत जाऊन प्लेस्टेशन १ साठीचे अंतर्गत कार्ड तयार करावे आणि ते पहिल्या स्लॉटला जोडावे.

प्लेस्टेशन २ वापरणाऱ्यांसाठी आणखी एक उपयुक्त सोय आहे. डिस्क न घालता यंत्र सुरू करावे, मुख्य पडद्यावर त्रिकोणाचे बटण दाबून यंत्राच्या आवृत्तीची माहिती उघडावी आणि तिथे प्लेस्टेशन ड्रायव्हर निवडावा. ‘टेक्स्चर मॅपिंग’ हा पर्याय ‘स्मूथ’ केल्यास जमिनीचे आणि भिंतींचे ठोकळेदार चित्र मऊ दिसू लागते. डिस्कचा वेग वाढवण्याचाही पर्याय शेजारीच आहे, पण त्याने काही खेळ अडखळतात, त्यामुळे खेळात काही विचित्र घडू लागले तर तो आधी पूर्ववत करावा. हे बदल यंत्र बंद केल्यावर टिकत नाहीत. दर वेळी पुन्हा करावे लागतात.

पहिली पायरी : हात कुठे ठेवायचे

दिशांसाठी अ‍ॅनालॉग दांडीऐवजी डाव्या हाताखालची चार दिशांची बटणे वापरण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. या खेळात ‘वर आणि लगेच खाली’, ‘उजवीकडे आणि लगेच खाली’ असे जोडआदेश सतत द्यावे लागतात, आणि ते बटणांवर जितके अचूक बसतात तितके दांडीवर बसत नाहीत.

उजव्या हाताची चार बटणे अशी वाटलेली आहेत. एक्स म्हणजे ऑली, अर्थात बोर्डासह उडी. चौकोन म्हणजे फ्लिप, अर्थात हवेत बोर्ड पायांखाली फिरवणे. गोल म्हणजे ग्रॅब, अर्थात हवेत बोर्ड हाताने धरणे. त्रिकोण म्हणजे ग्राइंड, अर्थात रेल, कठडा किंवा पायरीच्या कडेवरून घसरत जाणे. तेच बटण रॅम्पच्या माथ्यावर लिप ट्रिकसाठी, म्हणजे कडेवर तोल धरून थांबण्यासाठी, वापरतात. एल-१ आणि आर-१ यांनी हवेत गिरकी घेता येते. आर-२ चे काम पुढे रिव्हर्टच्या पायरीवर येईल.

स्केटर कोणता निवडावा हा प्रश्न नवख्याला पडतोच. यादीत टोनी हॉक, बकी लासेक आणि रून ग्लिफबर्ग हे उंच रॅम्पवर वावरणारे, म्हणजे व्हर्ट शैलीचे स्केटर आहेत. एरिक कॉस्टन, अँड्र्यू रेनल्ड्स, जेफ राउली हे रस्त्यावरच्या कठड्यांचे आणि पायऱ्यांचे. रॉडनी मलन हे सपाट जमिनीवरचे उस्ताद. सपाट जमिनीवरची ऑली आणि किकफ्लिप या आजच्या स्केटबोर्डिंगच्या पायाभूत ट्रिक त्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला घडवल्या, त्यामुळे त्यांचे नाव या यादीत दिसले की मला आजही आनंद होतो. नवख्याने मात्र रस्त्यावरच्या शैलीचा स्केटर घ्यावा. या आवृत्तीतल्या लहान लेव्हलमध्ये रेल आणि कठडे एकमेकांच्या जवळ येतात, आणि जमिनीलगत राहून शिकलेले नंतर रॅम्पवरही उपयोगी पडते.

दुसरी पायरी : ऑली

करिअर लगेच सुरू करू नये. ‘फ्री स्केट’ निवडावे, कारण तिथे दोन मिनिटांचे घड्याळ चालत नाही. फाउंड्री ही पहिली लेव्हल, म्हणजे धातू ओतण्याचा कारखाना, सरावासाठी पुरेशी आहे.

एक्स दाबून ठेवला की स्केटर गुडघे वाकवतो आणि त्याचा वेग वाढतो. बटण सोडले की तो उडी मारतो. नवख्यांना हे उलटे वाटते, कारण बहुतेक खेळांत बटण दाबताच उडी घेतली जाते. येथे सोडण्याचा क्षण महत्त्वाचा आहे. सपाट जमिनीवर, मग उतारावर, मग रॅम्पच्या अगदी माथ्यावर बटण सोडून पाहावे. माथ्यावर अचूक सोडल्यास उडी लक्षणीय उंच जाते आणि थोडे आधी सोडल्यास तीच उडी निम्म्यावर येते, हा फरक डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

नंतर उडीत एकच ट्रिक जोडावी. डावीकडे आणि चौकोन म्हणजे किकफ्लिप, उजवीकडे आणि चौकोन म्हणजे हीलफ्लिप. फ्लिप लवकर पुरी होते, ग्रॅबमध्ये गोलाचे बटण जितका वेळ धराल तितके गुण वाढतात. म्हणून छोट्या उडीत फ्लिप आणि उंच उडीत ग्रॅब, असा साधा नियम सुरुवातीला पुरतो. जमिनीवर येण्यापूर्वी ग्रॅब सोडलेला असला पाहिजे आणि बोर्ड प्रवासाच्या दिशेला समांतर असला पाहिजे. बोर्ड आडवा असेल तर स्केटर पडतो. गिरकी घेताना ती अर्ध्या किंवा पूर्ण फेरीवर थांबेल असे पाहावे.

तिसरी पायरी : ग्राइंड

रेलच्या दिशेने थोडे तिरके जावे, ऑली मारावी आणि रेलच्या वर येताच त्रिकोण दाबावा. खेळ येथे उदार आहे, थोडे दूर असलात तरी तो तुम्हाला रेलवर ओढून घेतो. दिशेचे बटण न दाबता त्रिकोण दाबला तर फिफ्टी-फिफ्टी हा साधा ग्राइंड होतो, वर दाबून नोजग्राइंड, खाली दाबून फाइव्ह-ओ. डावी-उजवी आणि तिरप्या दिशांनी आणखी प्रकार मिळतात. हे प्रकार वेगवेगळे वापरणे आवश्यक आहे, कारण तीच ट्रिक पुन्हा पुन्हा केल्यास तिचे गुण घटत जातात.

रेलवर असताना तोल डावी आणि उजवी बटणे हलके हलके दाबून सांभाळायचा असतो. नवखा खेळाडू एका बाजूला झुकू लागला की दुसऱ्या बाजूचे बटण घट्ट धरून ठेवतो आणि त्या बाजूला कोसळतो. छोट्या, तुटक टिचक्या द्याव्यात, आणि रेल संपण्याची वाट न पाहता तोल हाताबाहेर जाण्यापूर्वीच एक्स सोडून उडी मारून खाली यावे. लांब ग्राइंडचा हव्यास नंतर करता येईल. दहा लहान ग्राइंड न पडता करणारा खेळाडू एका लांब ग्राइंडवर पडणाऱ्यापेक्षा लवकर शिकतो.

चौथी पायरी : मॅन्युअल, आणि गुणांचे गणित

या खेळाचा खरा गाभा येथून सुरू होतो, म्हणून येथे घाई करू नये.

गुण कसे मोजले जातात ते आधी समजून घेऊ. एका ओळीत, मध्ये साध्या चाकांवर न उतरता केलेल्या ट्रिकांना कॉम्बो म्हणतात. कॉम्बोतल्या सर्व ट्रिकांच्या गुणांची बेरीज होते आणि तिला ट्रिकांच्या संख्येने गुणले जाते. समजा, ३००, ४०० आणि ५०० गुणांच्या तीन ट्रिक तुम्ही सुट्या सुट्या केल्या, तर हाती १,२०० गुण येतील. त्याच तीन ट्रिक एका कॉम्बोत केल्या तर १,२०० गुणिले ३, म्हणजे ३,६०० गुण. त्यात १०० गुणांची आणखी एक किरकोळ ट्रिक जोडली तर १,३०० गुणिले ४, म्हणजे ५,२००. शंभर गुणांच्या ट्रिकने सोळाशे गुणांची भर घातली. एखादी अवघड ट्रिक शिकण्यापेक्षा सोप्या ट्रिका जोडत राहणे अधिक फलदायी का ठरते, ते या हिशेबातून कळते. अर्थात कॉम्बोच्या मध्ये पडलात तर त्या कॉम्बोचे सगळे गुण जातात.

दोन रेलमध्ये सपाट जमीन असते आणि तिथे चाके टेकली की कॉम्बो संपतो. ही दरी भरण्याचे काम मॅन्युअल करते. दुसऱ्या भागात, २००० साली, ती या मालिकेत आली. उडीवरून खाली येत असताना, जमीन लागण्याच्या जरा आधी, ‘वर, खाली’ असे भरभर दाबावे. स्केटर मागच्या दोन चाकांवर तोल सावरत पुढे जाऊ लागतो. ‘खाली, वर’ दाबल्यास पुढच्या चाकांवरची नोज मॅन्युअल होते. येथे तोल वर आणि खाली दाबून राखायचा असतो, ग्राइंडप्रमाणे डावी-उजवीने नाही. ही अदलाबदल बोटांना समजायला वेळ लागतो, आणि तो द्यावा.

सरावाची पद्धत अशी ठेवावी. प्रथम चालत्या बोर्डावर, कोणतीही उडी न घेता मॅन्युअल लावावी आणि थोडे अंतर जाऊन ऑली मारावी. मग ऑली, किकफ्लिप आणि उतरताना मॅन्युअल. मग ग्राइंड, उडी, मॅन्युअल, उडी, ग्राइंड. ही शेवटची साखळी ज्या दिवशी प्रथम न पडता पूर्ण होईल, त्या दिवसानंतर लेव्हलकडे पाहण्याची तुमची नजर बदलेल : दोन कठड्यांमधले अंतर मॅन्युअलने पार करता येईल की नाही, हेच तुम्हाला आधी दिसू लागेल.

पाचवी पायरी : रिव्हर्ट

तिसऱ्या भागापूर्वी रॅम्पवरचा खेळ आणि जमिनीवरचा खेळ एकमेकांपासून तुटलेले होते. क्वार्टर पाइपवरून, म्हणजे वर गोलाकार वळत जाणाऱ्या रॅम्पवरून, उंच उडी मारून कितीही सुंदर ट्रिक केली तरी उतारावर चाके टेकताच कॉम्बो संपत असे. रिव्हर्टने हा खंड भरून काढला. क्वार्टर पाइपच्या उतारावर उतरण्याच्या अगदी क्षणी आर-२ दाबावे. स्केटर बोर्ड झटक्यात अर्धा फिरवतो आणि कॉम्बो जिवंत राहतो. पण तो क्षणभरच राहतो. लगेच ‘वर, खाली’ दाबून मॅन्युअल लावली तरच पुढे जाता येते. म्हणून रिव्हर्ट ही सुटी ट्रिक म्हणून शिकूच नये. ‘आर-२, वर, खाली’ ही तीन बटणांची एकच हालचाल आहे असे मानून ती बोटांत मुरवावी.

नवख्यांकडून येथे नेहमी दोन गोष्टी बिघडतात. पहिली, आर-२ लवकर दाबले जाते, स्केटर अजून हवेत असतानाच. डोळे स्केटरच्या हातांवर किंवा ट्रिकच्या नावावर न ठेवता चाकांवर आणि उतारावर ठेवले की हे सुधारते. दुसरी, मॅन्युअलचा आदेश आर-२ च्या सोबतच दिला जातो, दोन्हींत अंतरच राहत नाही. आधी रिव्हर्ट, मग मॅन्युअल. मधला विराम अगदी थोडा, पण असलाच पाहिजे. टीव्हीवर विलंब असेल तर तो सर्वांत आधी येथेच उघडा पडतो, आणि जुन्या टीव्हीचा आग्रह मी वर धरला तो यासाठीच.

सरावाला दोन क्वार्टर पाइप समोरासमोर असलेली जागा निवडावी. एकावरून उडी, साधा ग्रॅब, रिव्हर्ट, मॅन्युअल, समोरच्या पाइपवर पुन्हा उडी, आणि पुन्हा तेच. एकाच कॉम्बोत प्रत्येक पुढच्या मॅन्युअलला तोल राखणे अधिक कठीण होत जाते, त्यामुळे ही साखळी अनंत चालत नाही. दोन फेऱ्या झाल्या की सुरक्षित उतरून गुण पदरात पाडून घ्यावेत.

जे खेळाडू या मालिकेच्या नंतरच्या भागांकडून येथे येतील त्यांनी एक लक्षात घ्यावे. दोन पाठीला पाठ लावलेल्या रॅम्पवरून एका बाजूकडून दुसरीकडे अलगद जाण्याची सोय, म्हणजे स्पाइन ट्रान्सफर, चौथ्या भागात आली. बोर्डावरून उतरून चालण्याची सोय २००३ च्या ‘टोनी हॉक्स अंडरग्राउंड’मध्ये आली. येथे त्या शोधू नयेत.

सहावी पायरी : स्पेशल

ट्रिक यशस्वी होत गेल्या की पडद्यावरची स्पेशलची पट्टी भरत जाते आणि पडलात की रिकामी होते. ती पूर्ण भरलेली असताना दोन दिशा आणि एक बटण अशा आदेशाने प्रत्येक स्केटरच्या खास ट्रिका करता येतात. टोनी हॉकची ‘द नाइन हंड्रेड’ ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध : उजवीकडे, खाली, गोल. हवेत अडीच गिरक्या घेण्याची ही ट्रिक खऱ्या हॉकने २७ जून १९९९ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्स गेम्समध्ये प्रथम यशस्वी केली, आणि त्याच वर्षी या मालिकेचा पहिला भाग आला. खेळात तिच्यासाठी मोठा रॅम्प आणि भरपूर वेग लागतो. आपल्या स्केटरचे आदेश पॉज मेनूतून पाहावेत आणि सुरुवातीला एकच स्पेशल निवडून तीच पक्की करावी.

करिअरमध्ये उतरताना

आता घड्याळासह खेळायला हरकत नाही. प्रत्येक फेरी दोन मिनिटांची असते आणि लेव्हलमध्ये ठरावीक गुण मिळवणे, एस-के-ए-टी-ई ही अक्षरे गोळा करणे, एखाद्या विशिष्ट जागी विशिष्ट ट्रिक करणे अशी उद्दिष्टे दिलेली असतात. पुरे झालेले उद्दिष्ट कायम नोंदले जाते, त्यामुळे एकाच फेरीत सर्व साधण्याचा प्रयत्न करू नये. पाच अक्षरे मात्र एकाच फेरीत गोळा करावी लागतात. पहिली फेरी केवळ लेव्हल पाहण्यासाठी द्यावी, दुसरी अक्षरांसाठी, आणि मग एकेका उद्दिष्टासाठी एकेक फेरी. हव्या त्या उद्दिष्टाची संधी हुकली तर उरलेला वेळ फुकट न घालवता पॉज करून फेरी पुन्हा सुरू करावी.

घड्याळ शून्यावर आले तरी चालू असलेला कॉम्बो संपेपर्यंत खेळ थांबत नाही. म्हणून शेवटची काही सेकंदे उरली असताना रेलकडे वळावे आणि कॉम्बो सुरू करावा; तो जितका वेळ टिकेल तितका वेळ तुमचा आहे. मोठ्या गुणसंख्येची उद्दिष्टे बहुधा याच वेळेत साधतात.

रिओसारख्या स्पर्धेच्या लेव्हलमध्ये उद्दिष्टे नसतात, एकेका मिनिटाच्या फेऱ्या असतात आणि परीक्षक गुण देतात. तिथे पडल्याचा फटका मोठा बसतो. लांब कॉम्बोचे धाडस न करता मध्यम लांबीचे, खात्रीचे कॉम्बो करावेत आणि लेव्हलभर फिरत राहावे.

करिअरमध्ये पुढे सरकताना स्केटरची कौशल्ये वाढवण्याची संधी मिळते. बहुतेक जण वेग आणि उडीची उंची आधी वाढवतात. मी ग्राइंडचा आणि मॅन्युअलचा तोल आधी वाढवण्याचा सल्ला देईन, कारण लहान लेव्हलमध्ये जास्तीचा वेग पुष्कळदा भिंतीवर नेऊन आदळतो, तर तोलात घातलेली भर प्रत्येक कॉम्बोत उपयोगी पडते.

दोघांनी खेळताना आणि निन्टेंडो ६४ ची आवृत्ती

दुसरा कंट्रोलर असेल तर पडदा दुभागून खेळता येते. नवख्या जोडीने ‘हॉर्स’ने सुरुवात करावी : आळीपाळीने एकेक डाव घ्यायचा, समोरच्याच्या गुणांना मागे टाकता आले नाही तर शब्दातले एक अक्षर आपल्या नावावर चढते, आणि शब्द ज्याचा पूर्ण होतो तो हरतो. दोघांच्या कौशल्यात बरेच अंतर असले तरी हा खेळ रंगतो. ‘ग्राफिटी’मध्ये ज्या रेलवर किंवा रॅम्पवर तुम्ही ट्रिक करता ती तुमच्या रंगाची होते आणि प्रतिस्पर्ध्याने तिथे अधिक गुणांचा कॉम्बो केल्यास ती त्याची होते, हा प्रकार मॅन्युअल आणि रिव्हर्ट दोघांनाही येऊ लागल्यानंतर खेळावा.

काहींच्या घरी निन्टेंडो ६४ असेल. त्या यंत्रासाठी एज ऑफ रिअ‍ॅलिटी या स्टुडिओने याच खेळाची आणखी एक लहान आवृत्ती केली, आणि ऑगस्ट २००२ मध्ये आलेला तो खेळ उत्तर अमेरिकेत त्या यंत्रासाठी निघालेला शेवटचा खेळ ठरला. वर सांगितलेला शिकण्याचा क्रम तिथेही तसाच लागू पडतो. चौकोन, त्रिकोण, गोल आणि एक्स यांचे काम तिथे सी या अक्षराची चार पिवळी बटणे करतात. तो खेळ केवळ उत्तर अमेरिकेत निघाल्यामुळे त्यासाठी अमेरिकी यंत्रच लागते. युरोपीय यंत्रात ते कार्ट्रिज बसते, पण चालत नाही. अमेरिकी यंत्राचा अ‍ॅडॉप्टरही १२० व्होल्टचाच असतो, तेव्हा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरची व्यवस्था तिथेही आधी करावी.